परसातली भट्टी, शेजारचा धूर

अमेरिकेच्या उत्तर भागात, मिनेसोटापासून मेनपर्यंत, हिवाळ्यात खेड्यापाड्यांतून जाताना घरापासून पन्नास-शंभर फुटांवर पत्र्याची एक खोपटी उभी दिसते. आकाराने आपल्याकडच्या विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीएवढी. माथ्यावर ठेंगणे धुराडे, बाजूला ताडपत्रीखाली रचलेले लाकूड आणि खोपटीपासून घरापर्यंत बर्फात पडलेली पायवाट. घराच्या छपरावरचे धुराडे मात्र थंड असते. त्या घरातल्या माणसांना ऊब देणारा, त्यांच्या आंघोळीचे पाणी तापवणारा विस्तव घरात नसतो, तो या खोपटीत असतो. तिकडे तिला 'आउटडोअर वूड फर्नेस' म्हणतात. सरकारी कागदांत तिचे नाव 'हायड्रॉनिक हीटर' असे भारदस्त आहे. मी तिला परसातली भट्टी म्हणणार आहे.

इतिहासाचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही. एका साखर कारखान्यात अठ्ठावीस वर्षे बॉयलर अटेंडंट म्हणून काम केले आणि विस्तवाविषयी वाचण्याची सवय तिथल्या रात्रपाळ्यांनी लावली. एका वर्षी कारखान्याचा गळीत हंगाम सुरूच झाला नाही. रिकामे हात घेऊन घरी बसण्यापेक्षा भाच्याकडे जावे म्हणून न्यूयॉर्क राज्याच्या अगदी उत्तरेला, सेंट लॉरेन्स नदीच्या अलीकडच्या एका गावी गेलो. भाचा तिथे एका दूधउत्पादक शेतकऱ्याच्या आवारात भाड्याने राहत होता. दोन्ही घरांना एकाच भट्टीतून ऊब मिळे. शेतकऱ्याच्या खांद्याचे ऑपरेशन झाले होते, ओंडके उचलण्याची त्याला मनाई होती. भाच्याने सांगून टाकले, की मामांचा जन्म भट्टीपुढेच गेला आहे. सहा आठवडे ती भट्टी माझ्याकडे होती. पुढे जे लिहितो आहे त्यातले काही त्या सहा आठवड्यांतले आहे, बरेचसे त्यानंतरच्या वाचनातले.

आधी रचना. आपला तांब्याचा बंब ज्याने पाहिला आहे त्याला ती लगेच कळेल. बंबात मधोमध नळकांडे, तळाशी जाळी, नळकांड्याच्या भोवती पाणी. इथे नळकांड्याच्या जागी पोलादाची मोठी पेटी असते, दीड-दोन हात लांबीचे ओंडके तीत सहज मावतात. पेटीच्या चहूबाजूंनी पाण्याचे कवच. बंबात दोन-चार घागरी पाणी बसते, इथे आठशे ते दीड हजार लिटर. या कवचातून दोन नळ्या जमिनीखालून घरात जातात. एकीतून तापलेले पाणी जाते, दुसरीतून निवलेले परत येते. एक छोटा पंप ते दिवसरात्र फिरवत राहतो. घरात मोटारीच्या रेडिएटरसारखी जाळी असते, तिच्यातून हे पाणी आणि तिच्यावरून पंख्याची हवा जाते. न्हाणीचे पाणी याच उष्णतेवर, पण वेगळ्या नळीतून तापते. भट्टीतले पाणी कधी नळाला येत नाही, तेच ते फिरत राहते.

बॉयलरवाल्याच्या नजरेत भरते ती आणखी एक गोष्ट. ही टाकी बंद नसते. वर एक श्वासनळी उघडी ठेवलेली असते, त्यामुळे आत दाब चढतच नाही. पाणी उकळले तर वाफ निघून जाईल, टाकी फुटणार नाही. बंबाचे झाकण नुसते ठेवलेले असते, तसेच हे. आपल्या १९२३च्या बॉयलर कायद्यानेही बॉयलर कशाला म्हणायचे हे ठरवताना बंद भांडे आणि दाब या दोन गोष्टींवर बोट ठेवले होते. अमेरिकेतही दाबाचा बॉयलर म्हटला की तपासण्या आणि प्रमाणपत्रे आली. उघड्या टाकीला त्यांतले बहुतेक काही लागत नाही. म्हणूनच पाणी तापवणाऱ्या या यंत्राला बाजारात 'बॉयलर' न म्हणता 'फर्नेस' म्हणण्याचा प्रघात पडला असावा. गावातला वेल्डरही ती बनवू शकतो, आणि कित्येकांनी बनवली. तिच्या प्रसाराचे हे एक कारण मला महत्त्वाचे वाटते, जरी लिहिणारे सहसा तेलाच्या भावापाशीच थांबतात.

चालवण्याचे काम दिवसातून दोनदा, सकाळी आणि संध्याकाळी. दार एकदम उघडायचे नाही. आत धुमसत पडलेल्या लाकडाचा वायू साचलेला असतो, त्याला अचानक हवा मिळाली की भपका तोंडावर येतो. धुराड्याकडची पट्टी आधी मोकळी करायची, दार बोटभर उघडून थोडे थांबायचे, मग पुरते उघडायचे. निखारे आकडीने पुढे ओढायचे, ओंडके मागे टाकायचे. राख दर दोन-चार दिवसांनी काढायची, पण तळाशी चार बोटे ठेवायची, म्हणजे निखारे जिवंत राहतात. दाराच्या कडेची दोरी झिजली की बदलायची, नाहीतर नको तिथून हवा शिरते. पाण्यात गंजरोधक रसायन घालायचे आणि नमुना तपासून घ्यायचा. कारखान्यात आम्ही फीड वॉटर दर पाळीला तपासत असू, तिथे वर्षातून एकदा तपासले तरी नीटस माणूस म्हणतात. वीज गेली की पंप बंद, पंप बंद की घर थंड. फार वेळ गेला तर नळ्या गोठतात. म्हणून गोठ्यात जनरेटर. आणि वसंत ऋतूत, शेवटची आग विझल्यावर, सगळ्यांत कंटाळवाणे काम. पेटीच्या भिंतींवरचा काळा चिकट थर खरवडून काढणे.

या काळ्या थराशी आता जरा थांबायला हवे, कारण पुढची सगळी भांडणे त्याच्यातच आहेत.

भट्टीतले पाणी साधारण ८५ अंशांवर पोहोचले की एक झडप आपोआप बंद होते आणि हवा तुटते. पाणी पाच-सात अंशांनी निवले की झडप उघडते, पंखा फुंकू लागतो, आग पुन्हा पेटते. सोय मोठी आहे. रात्री उठावे लागत नाही. पण हवा तुटली म्हणून लाकूड काही शांत बसत नाही. पेटी गरम असते, लाकडातून वायू आणि राळ सुटतच राहते, फक्त जळत नाही. लाकडाच्या धुराला पुरते जळायला सहाशे अंशांच्या आसपास किंवा त्याहून जास्त तापमान आणि भरपूर हवा लागते. इथे हवा नाही आणि भिंतीपलीकडे ऐंशी अंशांचे पाणी. धूर त्या भिंतीला लागून निवतो, त्यातली वाफ, आम्ले आणि राळ तिथेच चिकटतात. तो हा थर, क्रिओसोट. पोलाद आतून खातो तोही हाच. जे चिकटत नाही ते धुराड्यातून बाहेर पडते. खूप थंडी असेल तेव्हा भट्टी सतत पेटलेली राहते आणि बरी जळते. जानेवारीतल्या उणे वीसच्या रात्रींपेक्षा ऑक्टोबर आणि एप्रिलच्या मवाळ दिवसांत ती जास्त धुमसते, कारण घराला उष्णता कमी हवी असते आणि झडप तासन्‌तास बंद असते.

ओल्या लाकडाने यात भर पडते. नुकत्याच तोडलेल्या लाकडात निम्मे वजन पाण्याचे असू शकते. फोडून, रचून, वर्ष-दोन वर्षे वाऱ्यावर ठेवले तर ते वीस टक्क्यांपर्यंत उतरते. ओले लाकूड जाळण्यात पाण्याची वाफ करायला जी उष्णता जाते ती फार मोठी नाही, हिशोब केला तर लाकडातल्या एकूण उष्णतेचा सातवा-आठवा भाग. खरे नुकसान हे, की विस्तव निवतो आणि धूर न जळता सुटतो. आमच्या कारखान्यात बगॅस जाळतात. तिच्यातही निम्मे पाणीच असते आणि तरी ती धडधडून पेटते. कारण भट्टीच्या विटा लाल असतात, हवा आधीच तापवून दिलेली असते आणि गळीत चालू आहे तोवर हवा तोडायची कुणाच्या मनातही येत नाही. ओले इंधन स्वच्छ जाळता येत नाही असे नाही. पण ते जाळायला लागणारे जे काही आहे, त्यातले या भट्टीत काहीच ठेवलेले नाही.

मग इतकी अडाणी रचना, तीही यंत्रांच्या देशात, विसाव्या शतकाच्या शेवटी का आली? त्यासाठी बरेच मागे जावे लागते.

न्यू इंग्लंडमध्ये वसाहती केलेल्या इंग्रजांनी घरात उघडी शेगडी आणली आणि तिच्यापुढे जंगल ओतले. विल्यम क्रोनन यांनी त्या भागाच्या पर्यावरणाच्या इतिहासावर १९८३ साली लिहिलेल्या पुस्तकात एका घराला वर्षाला तीस ते चाळीस कॉर्ड लाकूड लागत असे म्हटले आहे. कॉर्ड म्हणजे चार फूट रुंद, चार फूट उंच आणि आठ फूट लांब अशी रास. चाळीस कॉर्डची रास एकापुढे एक रचली तर तीनशे वीस फूट लांब होईल. उघड्या शेगडीची बहुतेक उष्णता धुराड्यातून आभाळात जाते आणि जाताना खोलीतली गरम हवाही ओढून नेते. फिलाडेल्फियाभोवतीचे लाकूड महाग होऊ लागले तेव्हा बेंजामिन फ्रँकलिन यांनी लोखंडी शेगडी काढली. १७४४ साली तिच्यावर पुस्तिका छापली आणि पेटंट घ्यायला नकार दिला. ती शेगडी त्यांनी सांगितली तशी फारशी चालत नसे, पुढच्यांनी तिच्यात दुरुस्त्या केल्या. त्याच शतकात स्वीडनमध्ये लाकडाची टंचाई झाली तेव्हा क्रोनस्टेट आणि व्रेडे या दोघांना हे काम सोपवले गेले. त्यांनी १७६७ साली मांडलेल्या उंच विटांच्या शेगडीत धूर वरखाली फिरवून मगच बाहेर सोडला जातो. दिवसातून एकदोनदा थोडे लाकूड भडकवून जाळायचे, ती उष्णता विटांत साठवायची आणि विटांनी ती दिवसभर सावकाश द्यायची. ही कल्पना वाचकांनी लक्षात ठेवावी, पुढे ती पुन्हा येणार आहे.

एकोणिसाव्या शतकात कोळसा आला. अमेरिकेत १८८५च्या सुमारास कोळशाने लाकडाला मागे टाकले. विस्तव दिवाणखान्यातून तळघरात गेला. त्यानंतर तेल आले आणि तळघरातला विस्तवही कुणाला पाहावा लागेनासा झाला, भिंतीवरची एक कळ फिरवली की झाले. मग ऑक्टोबर १९७३मध्ये अरब देशांनी तेल रोखले. पिंपाचा भाव तीन डॉलरच्या आसपास होता, तो जानेवारीपर्यंत बाराच्या जवळ गेला. न्यू इंग्लंडची घरे तेलावर तापत होती. आजोबांच्या काळातल्या लोखंडी शेगड्या कोठारांतून बाहेर निघाल्या, नव्यांचे कारखाने सुरू झाले. सगळ्यांना हवी होती ती हवाबंद शेगडी, रात्री भरली की सकाळपर्यंत चालणारी. हवाबंद म्हणजे पुन्हा तेच धुमसणे, तोच काळा थर, या वेळी घराच्या धुराड्यात. तो थर पेटतो. पेटला की धुराड्यातून आगीचा लोळ निघतो आणि लाकडी घरे त्याला बळी पडतात.

परसातल्या भट्टीचा जन्म या भीतीत आहे. आग घरातच नको. ग्रीनबुश या मिनेसोटाच्या वायव्य कोपऱ्यातल्या गावी १९८४ साली सुरू झालेली सेंट्रल बॉयलर ही कंपनी या धंद्यात मोठी झाली. तिच्या आगेमागे इतर अनेक आले. भट्टीमुळे काय काय सुटले ते पाहिले म्हणजे तिची ओढ समजते. घर पेटण्याची भीती गेली. घरात राख नाही, साल नाही, सालीखालचे किडे नाहीत. ओंडका फोडून बारीक करायला नको. एकाच भट्टीवर घर, गोठा आणि वर्कशॉप चालते. शेतकऱ्याच्या बांधाला लाकूड असतेच, वादळात पडलेले, कीड लागलेले. त्याला किंमत नाही, फक्त मेहनत आहे. माझ्या शेतकऱ्याने मला तेलाचा जुना हिशोब दाखवला होता. दुधाच्या पैशांतून ते बिल काढून पाहिले तर हातात काय उरते हे मला, ऊसवाल्यांच्या गावचा असल्यामुळे, फार समजावून सांगावे लागले नाही.

घरातला धूरही गेला. इथे माझ्या मते या यंत्राच्या इतिहासातली खरी गोष्ट घडली, आणि ती कोणी ठरवून केली नाही. दिवाणखान्यातली शेगडी नीट जळत नसेल तर ते पहिल्यांदा पेटवणाऱ्याच्या नाकाला कळते. डोळे चुरचुरतात, बायकोमुले खोकतात, पडदे काळे होतात. माणूस उठतो, हवा वाढवतो, कोरडे लाकूड शोधतो, पुढच्या वर्षी शेगडी बदलतो. फ्रँकलिन आणि त्यांच्यानंतर लंडनमध्ये धुराच्या शेगड्या दुरुस्त करून नाव कमावणारे काउंट रम्फर्ड, दोघांचीही गिऱ्हाइके धुराने वैतागलेले घरमालक होते. भट्टी परसात गेल्यावर ही खूणच नाहीशी झाली. झडप बंद झाल्यावर तिच्यातून किती धूर निघतो हे भट्टीवाला आपल्या खिडकीतून पाहतो, पण त्याला वास येत नाही. दारे-खिडक्या बंद आहेत, आत छान ऊब आहे. तेव्हा भट्टी बनवणाऱ्याकडे धुराची तक्रार घेऊन कुणी गिऱ्हाईक आलेच नाही. तक्रार होती ती शेजाऱ्याची, आणि शेजारी गिऱ्हाईक नव्हता.

आपल्याकडचा दाखला याच्या उलटा वाटेल. इथे धूर शतकानुशतके घरातच राहिला, तरी चूल सुधारली नाही. पण तिथेही फोड तीच आहे. चूल फुंकणारी एक आणि चुलीवर खर्च करायचा की नाही हे ठरवणारा दुसरा. हैदराबादच्या एस. पी. राजू यांनी १९५३ साली धूरविरहित स्वयंपाकघरांवर पुस्तिका लिहिली, १९८०च्या दशकात सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम आला, आणि तरीही माझ्या आईचे डोळे तिच्या साठीपर्यंत लालच होते. धूर ज्याच्या डोळ्यांत जातो त्याच्या हातात निर्णय नसला, की धूर तसाच राहतो. मग ती चूल घरात असो की परसात.

शेजाऱ्याचा त्रास किती, हे कळायला हवा कशी वागते ते कळावे लागते. कारखान्याची चिमणी उंच असते आणि तिचा धूर तापलेला, म्हणून तो वर चढतो. भट्टीचे धुराडे दहा-बारा फुटांचे आणि धूर निवलेला. हिवाळ्यातल्या स्वच्छ रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड होते आणि झाकणासारखी बसून राहते. त्यात हा धूर सोडला की तो उठत नाही, घरंगळतो. सकाळी सहाला मी भट्टीकडे जाई तेव्हा तो कुंपण ओलांडून खालच्या अंगाच्या घराकडे गेलेला दिसे, कमरेइतक्या उंचीचा निळसर पट्टा. त्या घरात एक निवृत्त शिक्षिका एकट्या राहत. चौथ्या का पाचव्या दिवशी त्या मला रस्त्यावर भेटल्या. मी कोण, कुठला हे विचारले. मग म्हणाल्या, की तुम्ही आल्यापासून सकाळी जरा कमी असतो. एवढेच. मी काय करत होतो, तर गोठ्यामागच्या सगळ्यांत जुन्या राशीतले कोरडे लाकूड आधी घेत होतो, आणि एकदम पेटी भरण्याऐवजी तीन-चार वेळा थोडे थोडे घालत होतो. मला दुसरे काम नव्हते म्हणून ते जमत होते. पहाटे चारला गाई पिळायला उठणाऱ्या माणसाला जमले नसते. खिडक्यांच्या फटींना त्यांनी चिकटपट्टी लावली आहे हे मला नंतर भाच्याकडून कळले. त्यांचा आणि शेतकऱ्याचा चाळीस वर्षांचा घरोबा होता, त्याची मुले त्यांच्या वर्गात शिकली होती. त्याला त्या कधी काही बोलल्या नाहीत.

सगळेच असे गप्प बसले नाहीत. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, १९८८ साली घरातल्या लाकडी शेगड्यांना धुराची मर्यादा घातली. त्या नियमांत परसातल्या भट्ट्या आल्या नाहीत. शेगड्या सुधारत गेल्या आणि भट्ट्या मोकळ्या राहिल्या, इतकेच नव्हे तर वाढल्या. पहिली हालचाल राज्यांनी केली. व्हरमाँटने १९९७ साली शेजारच्या घरापासून २०० फूट अंतराची अट घातली. कनेक्टिकटने २००५ साली तेवढ्याच अंतराचा कायदा केला आणि ५०० फुटांच्या आतल्या घरांच्या छपरांहून धुराडे उंच हवे असे ठरवले. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या अ‍ॅटर्नी जनरलच्या कचेरीने या धुरावर अहवाल काढला. पुढच्या वर्षी ईशान्येकडच्या राज्यांच्या वायुगुणवत्तेचे काम पाहणाऱ्या नेस्कॉम या संस्थेने आकडे मांडले. १९९० पासून देशभरात दीड लाखांहून अधिक भट्ट्या विकल्या गेल्या होत्या. आणि एका सरासरी भट्टीतून निघणारे सूक्ष्म कण, म्हणजे अडीच मायक्रॉनहून लहान, जे फुप्फुसात खोल जातात ते, प्रमाणित अशा २२ लाकडी शेगड्यांइतके, २०५ तेलाच्या भट्ट्यांइतके किंवा ८,००० गॅसच्या भट्ट्यांइतके होते. हे आकडे पुढे प्रत्येक वादात फेकले गेले. भट्टीवाल्यांचे म्हणणे होते, की कोरडे लाकूड आणि नीट चालवलेली भट्टी यांचा हिशोब वेगळा येईल. त्यात तथ्य आहे, मी स्वतः फरक पाहिला. पण जे यंत्र सहा आठवडे रिकाम्या बसलेल्या बॉयलर अटेंडंटच्या हातीच नीट चालते, ते नीट बनवलेले आहे असे मी म्हणणार नाही.

ईपीएने २००७ साली स्वेच्छेची योजना आणली, ज्यांच्या भट्ट्या कमी धूर सोडतील त्यांना खुणेची पट्टी. २००८ मध्ये ती आणखी कडक केली. स्वेच्छेच्या योजनेतही काही कारखानदारांनी खरोखर नवी रचना केली. पेटीच्या खाली दुसरी, विटांची कोठी, लाकडाचा धूर तिच्यात ओढून तापवलेल्या हवेत जाळायचा. कारखान्याच्या भट्टीतले तत्त्वच शेवटी परसात आले म्हणायचे. सक्तीचे नियम मात्र २०१५ साली आले, आणि त्यांचा दुसरा टप्पा १५ मे २०२० पासून. या टप्प्यात धुराची मर्यादा आधीच्या जवळजवळ एक-तृतीयांशावर आणली. चाचणीवरही वाद झाला. प्रयोगशाळेत चौकोनी कापलेल्या, ठरावीक ओलाव्याच्या ठोकळ्यांची नीट रचलेली चळत जाळून भट्टी तपासत. परसात जळतात ते वेडेवाकडे, सालीसकट ओंडके. त्यामुळे प्रमाणपत्रावरचा आकडा आणि कुंपणापलीकडचा धूर यांत अंतर राहते.

मला सगळ्यांत शहाणा वाटलेला उपाय नियमांत नाही, नळकामात आहे. झडप बंदच होऊ द्यायची नाही. भट्टी सुक्या लाकडावर दोन-तीन तास पूर्ण हवेत भडकवायची आणि उष्णता मोठ्या, उत्तम वेष्टन केलेल्या पाण्याच्या टाकीत साठवायची. घर त्या टाकीतून दिवसभर घेत राहील, भट्टी विझलेली असेल. युरोपात असे संच रुळले आहेत. १७६७ सालच्या स्वीडिश शेगडीत विटा जे करत होत्या ते इथे पाणी करते. आपला बंबही याच वाटेने चालतो, अर्धा तास धडाडून पेटतो, पाणी तापले की विस्तव संपतो आणि पाणी आंघोळी होईपर्यंत गरम राहते. बंबाला झडप लावून तो रात्रभर धुमसत ठेवावा असे कुणाला सुचले नाही, कारण रात्रभर गरम पाण्याची आपल्याला गरज नव्हती. गरज असती तर आपणही तेच केले असते याबद्दल मला शंका नाही.

अडचण पैशांची. नवी प्रमाणित भट्टी दहा हजार डॉलरच्या बरीच पुढे जाते, टाकी घेतली तर आणखी. न्यूयॉर्क राज्याने नव्या भट्ट्यांसाठीचे नियम २०१० सालच्या अखेरीस मंजूर केले. केवळ प्रमाणित भट्टी विकायची, धुराडे किमान १८ फूट, शेजारच्या हद्दीपासून अंतर. मसुद्यात जुन्या भट्ट्या टप्प्याटप्प्याने बंद करण्याचेही कलम होते. ग्रामीण भागातून, विशेषतः शेतकऱ्यांकडून, मोठा विरोध झाला आणि अंतिम नियमांतून ते गळले. देशाचे २०१५चे नियमही नव्या विक्रीपुरतेच आहेत. त्या विरोधाला नुसता अडाणीपणा म्हणणे मला पटत नाही. ज्या माणसाने तेलाच्या भावातून सुटण्यासाठी कर्ज काढून भट्टी बसवली, त्याला ती फेकून दे म्हणणारा कायदा नव्या भट्टीचे पैसे देत नव्हता. आणि शिक्षिकाबाईंच्या फुप्फुसांचे पैसेही कुणी देत नव्हते. बदलण्यासाठी अनुदाने अधूनमधून निघतात, गावोगाव पुरतील इतकी नाहीत.

जुनी भट्टी किती वर्षे चालते हे मग त्या काळ्या थरावर अवलंबून राहते. खरवडली, पाणी तपासले, उन्हाळ्यात आतून तेलाचा हात फिरवला तर बरीच वर्षे. हेळसांड केली तर फार लवकर मागच्या भिंतीला, जिथे परतीचे निवलेले पाणी येते तिथे, भोक पडते. म्हणजे भट्टीची जो जास्त निगा राखेल त्याच्या शेजाऱ्याला जास्त वर्षे धूर. माझ्या शेतकऱ्याची भट्टी १९९०च्या दशकातली, आणि तो निगा राखणारा माणूस आहे. निघायच्या आदल्या दिवशी मी त्याला कोरड्या राशी कुठल्या क्रमाने घ्यायच्या ते खडूने गोठ्याच्या दारावर लिहून दिले. त्याने विचारले नाही का, मीही सांगितले नाही. भाचा आता तिथून दुसऱ्या गावी गेला आहे, पण त्यांचे बोलणे होते. गेल्या उन्हाळ्यात मागच्या भिंतीला दुसरे ठिगळ वेल्ड करून घेतले म्हणे. वेल्डरने सांगितले, आणखी पाच वर्षे बघायला नको.